सुट्टीत घरी बॅलेचा सराव करूनही पाय का बिघडतात: नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरील उपाय

दिवाळीची सुट्टी संपून बॅलेचा वर्ग पुन्हा सुरू झाला, की पहिल्याच आठवड्यात एक तक्रार हमखास कानावर येते. "घरी रोज सराव केला होता, तरी पाय ऐकत नाही," असे मुले सांगतात, आणि ती खोटे बोलत नसतात. पुण्यात लहान मुलामुलींना आणि काही प्रौढांना बॅले शिकवताना मी हा प्रकार दर सुट्टीनंतर पाहत आले आहे. दिवाळीनंतर तो थोडा असतो, नाताळनंतर त्याहून कमी, आणि मे महिन्याच्या लांबलचक सुट्टीनंतर सर्वांत जास्त. सुरुवातीची काही वर्षे सराव कमी पडला हेच कारण मी धरून चालले आणि आणखी सराव करा असे सांगत राहिले. ते निदान चुकीचे होते. ज्या मुलींनी सुट्टीत काहीच केले नव्हते त्या आखडलेल्या असत, लवकर दमत, पण काही दिवसांत पूर्वपदावर येत. ज्यांनी घरी मन लावून चुकीच्या गोष्टी गिरवल्या होत्या, त्यांच्या सवयी मोडण्यात मात्र अख्खा महिना जात असे.

घरी नक्की काय केले असे विचारले, तर उत्तरात बहुधा तीनच गोष्टी येतात: स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीवर बसणे), पिरुएत (एका पायावरची गिरकी) आणि उड्या. यात मुलांचा दोष नाही. घरी पाहुणे येतात, मावशी किंवा काका "काहीतरी करून दाखव" म्हणतात, आणि दाखवण्याजोग्या गोष्टी याच असतात. तांदू, म्हणजे पाय जमिनीवरून घासत पुढे नेऊन बोटांवर ताणणे आणि पुन्हा जागेवर आणणे, हे कोणी कौतुकाने पाहत नाही. परंतु बॅलेतील उडी, गिरकी आणि तोल या सगळ्यांचा पाया त्या घासण्यात असतो, आणि नेमका तोच भाग घरातल्या फरशीवर, खोलीच्या एका कोपऱ्यात, कोणत्याही साधनाविना नीट करता येतो. उड्या आणि गिरक्या यांना मात्र योग्य जमीन, जागा आणि शिक्षकाची नजर लागते. म्हणून सुट्टीत घरी पाऊल, घोटा, खुबा आणि तोल एवढेच सांभाळावे आणि बाकीचे वर्गासाठी राखून ठेवावे, असे माझे ठाम मत झाले आहे. पुढे ज्या अडचणी सांगितल्या आहेत त्यांतील बहुतेक या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने उद्भवतात.

आधी बूट उलटे करून पाहावेत

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मी मुलांचे पाय पाहण्याआधी त्यांचे बूट पाहते. गेल्या मे महिन्यानंतर परतलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलीच्या कॅनव्हासच्या बुटांची आतली कड अंगठ्याच्या सांध्यापासून टाचेपर्यंत काळी पडून झिजली होती, आणि करंगळीच्या बाजूची कड जवळजवळ नव्यासारखी गुलाबी होती. तिने पहिली पोझिशन, म्हणजे टाचा जोडून पंजे बाहेर वळवलेली स्थिती, घेतली, तेव्हा दोन्ही पावले जवळपास एका सरळ रेषेत आली, पण गुडघे समोर पाहत होते आणि तळपायाची कमान जमिनीला टेकली होती. सुट्टीआधी हीच मुलगी पावलांमध्ये काटकोनाहून थोडा अधिक कोन ठेवून अगदी सुरेख उभी राहत असे.

ती घरी योगासनांच्या रबरी चटईवर सराव करत होती, आणि सगळा घोटाळा त्या चटईमुळे झाला होता. बॅलेमध्ये पाय बाहेर वळवायचा असतो तो खुब्याच्या सांध्यातून. सांध्याच्या हाडांची घडण आणि त्याभोवतीचे खोलवरचे स्नायू जेवढे वळू देतील तेवढाच. वर्गातील जमिनीवर पाऊल त्याहून जास्त वळवले, तर ते हळूहळू सरकून परत आपल्या जागी येते आणि चूक लगेच कळते. रबरी चटई पाऊल धरून ठेवते. मग खुबा जेथे थांबतो त्यापुढचा पीळ गुडघ्यावर आणि घोट्यावर पडतो, कमान आत कोसळते, आणि आरशात मात्र सुंदर "सपाट" पहिली पोझिशन दिसत असल्याने मुलाला आपली प्रगती झाली असे वाटत राहते.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो रोज सरावाच्या सुरुवातीला करावा. पावले समांतर ठेवून, गुडघे सरळ ठेवून उभे राहावे. भार टाचांवर घेऊन दोन्ही पंजे किंचित उचलावेत. मांड्या खुब्यातून बाहेर वळवाव्यात आणि पंजे जेथे पोहोचतील तेथे टेकवावेत. जो कोन मिळाला तो त्या दिवसाचा आपला टर्नआउट, म्हणजे पाय बाहेर वळण्याची मर्यादा. त्याच कोनात देमी-प्लिये, म्हणजे टाचा न उचलता गुडघे अर्धे वाकवणे, करून पाहावे: गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या वर आली पाहिजे. ती अंगठ्याच्या आत झुकत असेल, तर पावले थोडी मिटवावीत. हा कोन मैत्रिणीपेक्षा लहान असला तरी चालतो. रबरी चटई फक्त झोपून किंवा बसून करायच्या व्यायामांसाठी ठेवावी.

जमीन

बॅलेच्या चांगल्या वर्गातील जमीन लाकडी असते, तिच्याखाली पोकळी किंवा लवचीक थर असतो, आणि वर व्हिनाइलचे आवरण असते. उडीनंतर खाली येताना अंगावर येणारा आघात शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो आणि त्यातील काही भाग अशी जमीन शोषून घेते. आपल्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल असते, तिच्याखाली सिमेंट आणि त्याखाली स्लॅब. या तिन्हींतील एकही गोष्ट दबत नाही, त्यामुळे तो आघात सगळाच्या सगळा नडगी, टाच आणि गुडघा यांच्याकडे परत येतो. सुट्टीनंतर नडगीच्या आतल्या कडेला दुखते असे सांगणाऱ्या बहुतेक मुली घरी टाइलवर उड्या मारत असतात. म्हणून टाइल, शहाबादी फरशी आणि गच्चीचा कोबा यांवर उड्या पूर्णपणे वर्ज्य समजाव्यात. लहानशा सोतेचाही (दोन्ही पायांवरून जागच्या जागी मारायची साधी उडी) अपवाद करू नये, कारण लहान उडी माणूस दहा वेळा नव्हे, शंभर वेळा मारतो.

घसरण्याचा धोका वेगळाच आहे. सकाळी फिनेल टाकून पुसलेली टाइल कोरडी दिसली तरी कॅनव्हासच्या बुटाखाली निसटते. पुसल्यावर पंखा लावून चांगला अर्धा तास जाऊ द्यावा. मोजे घालून टाइलवर सराव कधीही करू नये. त्याउलट सतरंजी किंवा गालिचा यांवर पाऊल अडकते, आणि शरीर फिरत असताना पाऊल मागे राहिले, तर गुडघा पिळवटतो. पिरुएत घरी नको म्हणण्याचे मुख्य कारण हेच आहे. फ्लोअरिंगच्या दुकानात व्हिनाइलचे उरलेले तुकडे मिळतात. त्यांतला चार बाय सहा फुटांचा, खरखरीत पृष्ठभागाचा तुकडा कडांना चिकटपट्टी लावून फरशीवर अंथरला, तर तांदू आणि रों द जांब (पायाच्या टोकाने जमिनीवर अर्धवर्तुळ काढणे) यांसाठी पकड अगदी योग्य मिळते. तो उडीचा आघात शोषत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. त्याच्याखाली मऊ फोम घालण्याचा मोह टाळावा, कारण मऊ पायावर घोटा डुगडुगतो आणि एका पायावरचा तोल शिकण्याऐवजी बिघडतो.

सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलांची स्थिती काही बाबतींत शहरातल्या मुलांपेक्षा बरी असते, आणि ही गोष्ट मला एका विद्यार्थिनीच्या आजोळी गेल्यावर कळली. कोकणातल्या त्या जुन्या घराला लाकडी माडी होती. तुळयांवर टाकलेल्या फळ्या पावलाखाली किंचित दबून परत येत होत्या, आणि टाच टेकताना होणारा आवाज टाइलवरच्या कोरड्या टकटकीपेक्षा कितीतरी खोल व मऊ होता. आम्ही आधी फळ्यांतून वर आलेले खिळे, फटी आणि कुसळे तपासली, घरातल्या मोठ्यांना तुळयांची अवस्था विचारली, आणि मगच तिने तेथे आठ-आठ सोतेचे दोन संच केले. तुळया मजबूत असल्याची खात्री नसेल, तर तेथेही उडी मारू नये. शेणाने सारवलेली जमीनही टाइलपेक्षा पावलांना सुखाची असते. तिच्यावर अनवाणी रलेव्हे (टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे) आणि प्लिये (गुडघे वाकवणे) उत्तम होतात, फक्त खड्डा किंवा उंचवटा पायाखाली येणार नाही अशी जागा निवडावी.

आधार: ओटा, खुर्ची, खिडकी

मार्च २०२० मध्ये जगभरातील नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा इंग्लिश नॅशनल बॅलेच्या तत्कालीन कलासंचालिका तमारा रोहो यांनी आपल्या स्वयंपाकघरातून ऑनलाइन वर्ग घेतले होते. तेव्हापासून ओट्याला धरून सराव करण्यात मुलांना संकोच वाटेनासा झाला आहे. आपल्याकडील ओट्याची उंची बहुतेक घरांत ३२ ते ३४ इंच असते, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना ती बारसाठी, म्हणजे वर्गात धरायच्या आडव्या दांड्याच्या जागी, चांगली जमते. कोपर सैल वाकून हात शरीराच्या थोडा पुढे टेकला पाहिजे. उंच प्रौढांना ओटा ठेंगणा पडतो आणि ते नकळत एका बाजूला झुकतात. त्यांनी खिडकीच्या ग्रिलचा आडवा गज किंवा पुस्तकांचे जड कपाट वापरावे. स्वयंपाकघरात सराव करताना गॅस बंद असावा, ओट्यावर गरम भांडे नसावे, आणि ओट्याकडे तोंड करून उभे राहू नये, कारण प्लियेमध्ये गुडघे खालच्या ट्रॉलीच्या मुठींवर आपटतात. ग्रां बातमां, म्हणजे पाय उंच फेकणे, स्वयंपाकघरात करू नये.

खुर्ची वापरायची असेल, तर प्लास्टिकची नको. ती पहिल्याच तोल जाण्याला सोबत करून उलटते. लाकडी जड खुर्ची घ्यावी आणि बैठकीवर दहा किलोची तांदळाची पिशवी ठेवावी.

पण खरी अडचण आधाराच्या उंचीची नसून हाताच्या भाराची असते. वर्गातील बार भिंतीला पक्का असतो, तरी शिक्षक बोटे हलकी ठेवायला सतत सांगत असतात. घरी सांगणारे कोणी नसते, आणि ग्रॅनाइटची कड मुठीत धरली, की हात सगळे काम करतो आणि घोटा विश्रांती घेतो. सुट्टीनंतर "मध्यभागी आल्यावर तोलच राहत नाही" अशी जी तक्रार येते, तिचे मूळ या मुठीत असते. प्रत्येक व्यायामाच्या शेवटी हात आधारावरून उचलावा आणि त्याच स्थितीत चार मोजेपर्यंत राहावे. पडायला होत असेल, तर आधी कोणत्या बाजूला पडतो ते पाहावे: आधाराकडे पडत असाल, तर आतापर्यंत हातावर उभे होता, मागे पडत असाल, तर भार टाचेवर राहिला आहे.

ओट्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मुले सांगत नाहीत, पण शरीर सांगते. स्वयंपाकघरात एका बाजूला फ्रिज असतो, त्यामुळे डावा हात ओट्यावर ठेवून उजवा पाय मोकळा काम करतो, आणि उलट बाजूला जागा नसल्याने डावा पाय "उद्या" वर ढकलला जातो. महिनाभर असे झाल्यावर एक पाय स्पष्टपणे मागे पडलेला दिसतो. एन्रिको चेकेत्ती (१८५०–१९२८) या इटालियन शिक्षकाने, ज्यांच्याकडे आना पाव्हलोव्हासारखी नर्तकी शिकली, आठवड्याच्या प्रत्येक वाराला ठरावीक अभ्यास नेमून दिलेला होता, आणि एका आठवड्यात एका बाजूने तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूने असा क्रम ठेवला होता. घरी तेवढी शिस्त पाळणे अवघड नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार उजवा पाय आधी. मंगळवार, गुरुवार डावा आधी. आणि जागा अपुरी असेल, तर ओटा सोडून खुर्ची घ्यावी, पण दुसरी बाजू सोडू नये.

किती वेळ, आणि त्यात काय

आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा पाच दिवस पंचवीस मिनिटे करावीत. फराळाच्या गडबडीत, पाहुण्यांच्या वर्दळीत पंचवीस मिनिटे सकाळच्या आंघोळीआधी सापडतात. दोन तास कधीच सापडत नाहीत. मे महिन्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, सकाळी सात वाजण्यापूर्वीच सराव उरकावा आणि जवळ पाणी ठेवावे.

पहिली पाच मिनिटे शरीर गरम करण्यासाठी: जागच्या जागी चालणे, घोटे फिरवणे, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर वर उचलणे. थंड शरीराने थेट स्प्लिटमध्ये बसू नये. ताणण्याचे व्यायाम शेवटी, अंग तापल्यावर करावेत. त्यानंतर पहिल्या आणि दुसऱ्या पोझिशनमध्ये (दुसरीत पावलांत अंतर असते) सावकाश प्लिये. मग तांदू, आणि येथे घाई अजिबात करू नये.

तांदू कसा करावा हे मी थोडे विस्ताराने सांगते, कारण सुट्टीत एकच गोष्ट करायची झाली तर ती हीच करावी. चार मोजण्यांत पाय पुढे न्यावा. पहिल्या मोजणीला पूर्ण तळपाय जमिनीवर दाबलेला असतो आणि घासत निघतो; दुसऱ्या मोजणीला टाच उचलली जाते, पण चवडा जमीन सोडत नाही; तिसऱ्या मोजणीला चवडा उचलून बोटे लांब होतात, मुडपत नाहीत; चौथ्या मोजणीला फक्त बोटांची टोके जमिनीला स्पर्श करतात आणि पाय खुब्यापासून नखापर्यंत एक लांब रेषा होतो. परत येताना नेमका उलटा क्रम: बोटे, चवडा, टाच. अनवाणी केले, तर चवडा जमिनीवरून सुटताना एक बारीक घसट ऐकू येते. ती ऐकू आली नाही, तर पाय हवेतून नेला असे समजावे. बोटे आत मुडपून पंजा ताणल्याचा भास निर्माण करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, आणि बुटात ती लपते, म्हणून आठवड्यातून दोन दिवस तांदू अनवाणी करावा. पुढे, बाजूला, मागे असे प्रत्येकी आठ, दोन्ही पायांनी, एवढे पुरे आहे.

त्यानंतर जमिनीवरचे रों द जांब, थोडे फोंदू (एका पायावर गुडघा हळू वाकवून पुन्हा सरळ करणे), आणि मग टाचा उचलण्याचा व्यायाम. दोन्ही पायांवर सोळा, मग एका पायावर जेवढे पूर्ण उंचीचे होतील तेवढे. उंची कमी होऊ लागली, की तेथेच थांबावे. अर्ध्या उंचीचे वीस करून काही मिळत नाही. शेवटी पासेमध्ये (उचललेल्या पायाची बोटे दुसऱ्या पायाच्या गुडघ्याशी) एका पायावर तोल, सावकाश पोर द ब्रा (हातांच्या हालचाली), आणि ताणण्याचे व्यायाम.

संगीताविना सराव केल्यास वेग आपोआप वाढतो, आणि अवघड भाग नेमके पटकन उरकले जातात. वर्गातील संगीत हाताशी नसेल, तर मोठ्याने मोजावे. मोजता मोजता श्वास अडकत असेल, तर शरीर कोठेतरी ताठ धरले आहे हेही त्यातून कळते. आरशापेक्षा मोबाइल उपयोगी पडतो: तो जमिनीलगत, बाजूने ठेवून एका व्यायामाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण करावे आणि नंतर पाहावे. कपाटाच्या आरशात पाहण्यासाठी मान वळवली, की खांदा आणि कंबर तिच्याबरोबर वळतात आणि जे तपासायचे तेच बिघडते.

दिशा हरवणे

रोज एकाच ओट्यासमोर सराव केल्याने वर्गातल्या दिशांचे भान सुटते, आणि परतल्यावर क्रुआजे (प्रेक्षकांना पाय एकमेकांवर आलेले दिसतील अशी तिरकी दिशा) आणि एफासे (पाय मोकळे दिसतील अशी) यांत गोंधळ होतो. फरशीवर कागदी चिकटपट्टीने एक चौकोन आखून त्याच्या चार बाजू आणि चार कोपऱ्यांना आकडे द्यावेत. रशियन वागानोवा पद्धतीत समोरची बाजू १ धरून उजवीकडून क्रमाने ८ पर्यंत जातात. चेकेत्ती पद्धतीत आधी कोपरे १ ते ४ आणि मग भिंती ५ ते ८ मोजतात. आपल्या वर्गात जी पद्धत असेल तीच घ्यावी. पोर द ब्रा या चौकोनात उभे राहून करावे.

दुखणे

व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या किंवा मांड्या भरून येणे स्वाभाविक आहे. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा, सूज, लंगडणे, किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांत टाचेच्या मागच्या बाजूला दुखणे वाढीच्या काळात वारंवार दिसते. तेथे "सरावाने जाईल" असे म्हणू नये. मे महिन्यात काही मुले एकदम उंच होतात. हाडे लांबतात आणि मांडीमागचे स्नायू काही काळ तोकडे पडतात, त्यामुळे आधी जमणारे स्प्लिट जमेनासे होते. अशा मुलांना घरच्यांनी जोर लावून ताणू नये.

पॉइंट शूज

ज्यांनी नुकतेच पॉइंटचे, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभे राहण्यासाठीचे, बूट घालायला सुरुवात केली आहे, त्यांनी ते घरी घालू नयेत. मोठ्या विद्यार्थिनींनीही शिक्षकांना विचारल्याशिवाय घालू नयेत. या बुटांचे पुढचे टोक कापड, कागद आणि खळ यांच्या थरांनी कडक केलेले असते, आणि दमट हवेत ते नरम पडते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवलेले बूट महिन्याभरात बाहेरून ठाकठीक आणि आतून भुसभुशीत झालेले मी पाहिले आहेत. ते सुती पिशवीत, हवेशीर जागी, सिलिकाच्या पुड्यांसह ठेवावेत, आणि पुन्हा घालण्यापूर्वी टोक अंगठ्याने दाबून पाहावे.

परतल्यावर

महिन्याभराच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात उड्यांची संख्या नेहमीच्या निम्मी ठेवावी, कारण स्नायूंची ताकद लवकर परत येते, पण स्नायुबंध आणि हाडे यांना आघाताची सवय पुन्हा व्हायला जास्त दिवस लागतात. आपण घरी काय केले आणि काय केले नाही हे शिक्षकांना पहिल्याच दिवशी खरे सांगावे, आणि सुट्टीत वापरलेले बूट बरोबर न्यावेत.